काकांची डिझेल आणि रोजचे ४४ किलोमीटर

प्रश्न : एका छत्तीस वर्षांच्या वाचकाला काकांची १९८१ सालची मर्सिडीज २४० डी मिळाली आहे. काका गेल्यापासून सात वर्षं ती शेडमध्ये उभी आहे. घरी गाडी लावायला जागा एकच, म्हणून सध्याची हॅचबॅक या महिनाअखेरीला विकून काकांची गाडीच रोज वापरायची, असं त्यांनी ठरवत आणलं आहे. ऑफिसला जाऊन येऊन ४४ किलोमीटर होतात आणि वाटेत चार वर्षांच्या मुलीला पाळणाघरात सोडायचं असतं. त्यांचं म्हणणं असं : जुनं डिझेल इंजिन मरत नाही, गाडीत इलेक्ट्रॉनिक्स नाही म्हणजे बिघडायला काही नाही, आणि आहे तीच गाडी चालवली तर पर्यावरणाचंही भलंच होतं. पत्नीचा विरोध आहे. 'रविवारी चालव, रोज नको,' असं ती म्हणते. 'तिला काकांबद्दल काही वाटत नाही का, की माझंच चुकतंय?' असं त्यांनी विचारलं आहे.

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यातलं एक वाक्य मनातून जात नाही : 'काका चावी अर्धी फिरवून थांबायचे, आणि पिवळा दिवा विझेपर्यंत गाडीत कुणी बोलायचं नाही.' इंजिन सुरू होण्याआधी त्यातले हीटर प्लग तापेपर्यंत तो दिवा जळतो. माझ्या वडिलांच्या गाडीतही हीच शांतता असायची. दुसऱ्या कंपनीची, पण त्याच काळातली डिझेल. त्यांच्यानंतर ती मी नऊ वर्षं चालवली, त्यातली पाच वर्षं रोज. त्यामुळे 'हा नाद सोडा' असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण हॅचबॅक या महिन्यात विकू नका. बाकी सगळे निर्णय मागे घेता येतात, हा येणार नाही. जागा एकच असेल तर काकांची गाडी अजून काही महिने शेडमध्येच राहू दे. तिचं बरंचसं काम तिथेच करायचं आहे.

आता 'मरत नाही' याबद्दल. हा समज हवेतून आलेला नाही. तुमची गाडी ज्या मालिकेतली आहे ती १९७६ साली बाजारात आली आणि दहाएक वर्षांत तिच्या सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. तिच्या आधीच्या पिढीतल्या एका २४० डीने ग्रीसमध्ये टॅक्सी म्हणून ४६ लाख किलोमीटर काटले, आणि २००४ साली ती कंपनीच्या संग्रहालयात गेली. ही गोष्ट सगळे सांगतात. तिचं इंजिन मधे अनेकदा बदललं गेलं होतं, हे मात्र सांगायचं राहून जातं. आणि ती टॅक्सी होती, म्हणजे रोज चालत होती. आवाज जरा बदलला, पॅडल जरा खोल गेलं, तर त्याच दिवशी कुणाच्या तरी लक्षात येत होतं. तुमची गाडी सात वर्षं जागची हललेली नाही. टॅक्सीचा दाखला तिला लागू पडत नाही.

इंजिनाचा लोखंडी ठोकळा सात वर्षांत बहुधा शाबूत राहिला असेल. त्याच्या भोवतालच्या रबराचं तसं नसतं. डिझेलच्या नळ्या, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलवरून परत जाणाऱ्या बारीक नळ्या, ब्रेकचे होज, सिलिंडरमधली वायसरं, इंजिनाखालची माउंटिंग, पुढच्या चाकांचे बुश, सगळं उभ्या उभ्या कडक होतं. त्यात इंधनही बदललंय. ही गाडी बनली तेव्हा डिझेलमध्ये गंधक भरपूर असायचं. आता युरोपीय मानकाप्रमाणे ते दहा लाखांत १० भागांवर आलं आहे. हवेसाठी ही फार मोठी गोष्ट झाली. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा अंगचा वंगणपणा कमी होतो, आणि तो भरून काढायला कंपन्यांना वेगळं मिश्रण घालावं लागतं. जुन्या इंधनावर वर्षानुवर्षं फुगून बसलेली सीलं नव्या इंधनात आकसतात आणि नोझलना डिझेल पुरवणारा पंप पाझरू लागतो. डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळलेलं असेल तर ते जुन्या रबराला खातं आणि टाकीच्या तळाचा गाळही सोडवतं. मग नवा फिल्टर दोन आठवड्यांत तुंबतो आणि माणूस गाडीतल्या त्या पंपावर संशय घेत बसतो.

तेव्हा शेडमध्ये जाऊन लगेच सेल्फ मारू नका. मोह होईल, माहीत आहे. आधी टाकी पूर्ण रिकामी करा आणि तिच्या तळाची जाळी काढून पाहा. सात वर्षांत आत पाणी साठलेलं असतं, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात त्या थरात जिवाणू-बुरशीचा काळा चिकटा धरतो. तो ओळखू येतो, बुळबुळीत असतो. टाकी धुवा, रबरी नळ्या सगळ्या नव्या घाला, एकही 'चालेल अजून' म्हणून ठेवू नका. दोन्ही डिझेल फिल्टर, इंजिन ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, तुमचं सात वर्षांचं आहे. टायरच्या बाजूला चार आकडी कोरीव खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही भरलेली दिसो, तिथलं साल बघून निर्णय घ्या.

मग इंजिन पान्याने हाताने दोन फेरे फिरवा. मोकळं फिरलं तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. डिझेलला ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की तिच्याच उष्णतेने इंधन पेटावं, एवढ्यावर सगळा कारभार चालतो, आणि तुमच्या इंजिनात हवा २१ पट कमी जागेत दाबली जाते. या दाबालाच कॉम्प्रेशन म्हणतात. म्हणून पेट्रोल गाडीत कॉम्प्रेशन थोडं कमी असलं तरी ती ओढत राहते, डिझेल मात्र गारठ्यात सुरूच होत नाही. या चाचणीच्या आकड्यांकडे मी शेवटी परत येते.

'इलेक्ट्रॉनिक्स नाही म्हणजे बिघडायला काही नाही,' हे तुमचं दुसरं म्हणणं. निम्मं खरं आहे. तुमच्या गाडीला सुरू राहायला बॅटरीसुद्धा लागत नाही, एकदा पेटली की पेटली. पण नवी गाडी काहीतरी बिनसलं की डॅशबोर्डवर दिवा लावते. जुनी गाडी काही बोलत नाही, तिचं बोलणं आपण ऐकायचं असतं. टॅपेट, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट, हाताने सेट करावे लागतात. तुमच्या इंजिनात थंड असताना इनलेटला ०.१० मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर फट ठेवतात. वापराने ती फट हळूहळू मिटत जाते, आणि ती मिटली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातं. गंमत म्हणजे अशा वेळी आवाज वाढत नाही, उलट कमी होतो. इंजिन शांत झालं म्हणून मालक खूश असतो आणि आत व्हॉल्व्ह जळत असतो.

अशा गप्प बिघाडाचा एक अनुभव सांगते. डिझेल इंजिन हवा अडवत नाही, म्हणून त्यात पेट्रोल इंजिनासारखा व्हॅक्यूम तयार होत नाही, आणि ब्रेक हलक्या पायाने लागावा म्हणून असलेल्या बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लावलेला असतो. माझ्या गाडीत तो एका रबरी पट्ट्यावर फिरायचा. एका संध्याकाळी उतारावर तो पट्टा तुटला. इंजिन तसंच चालू, गाणं तसंच चालू, एकही दिवा नाही. पहिल्यांदा ब्रेक लागला, दुसऱ्यांदा पॅडल दगडासारखं झालं. दोन्ही पाय लावून, हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी कडेला आणली. पट्ट्याला भेगा पडल्यात हे मला आठवडाभर आधीच दिसलं होतं. 'शनिवारी बघू' म्हणून मी सोडून दिलं होतं, कारण सोमवार ते शुक्रवार मला गाडी हवी होती. रोजच्या वापराची खरी अडचण मला तेव्हा समजली. गाडी पाच दिवस अडकलेली असली की आपण तिचं दुखणं पुढे ढकलतो.

म्हणून 'गाडी रोज टिकेल का' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. मंगळवारी सकाळी सव्वाआठला ती सुरू झाली नाही तर त्या दिवसाचं काय होईल, ते आधी बघा. तुमचं ऑफिस तासभर उशीर खपवून घेतं का? बस किंवा ट्रेन आहे का? मुलीला कोण सोडेल? या तिन्हींची उत्तरं तुमच्या घरात असतील तर गाडी रोज वापरता येते. तिन्हींचं उत्तर 'पत्नी बघेल' असं असेल, तर तुमच्या हौसेची जबाबदारी तुम्ही न विचारता तिच्यावर टाकली आहे, आणि तिच्या विरोधाचं कारण तिथे असू शकतं.

तिला काकांबद्दल काही वाटत नाही, असं तुमच्या पत्रातून मला तरी दिसलं नाही. 'रविवारी चालव' म्हणणारी व्यक्ती गाडी भंगारात घाला म्हणत नाही. तिने रोजच्या रस्त्याला हरकत घेतली आहे, आणि त्या रस्त्यावर तुमची मुलगी मागच्या सीटवर आहे. तुमची गाडी तिच्या काळातल्या सुरक्षित गाड्यांपैकी होती. पुढचा-मागचा भाग आधी चुरडून मधला कप्पा वाचवायचा, ही रचना तिच्यात आहे. पण त्या मालिकेत एअरबॅग १९८२ पासून मिळू लागली, तीही जास्तीचे पैसे मोजून. म्हणजे तुमच्या गाडीत ती नाही. मुलांची सीट जिला खटकन अडकते ते आयसोफिक्सचे हूकही नाहीत. मागच्या सीटला तीन टोकांचे पट्टे आहेत का ते बघा. असले तरी त्यांचं कापड चाळीसहून जास्त वर्षांचं आहे, ते बदलायलाच हवं. आणि वेग : ७२ अश्वशक्ती, शून्यावरून १०० ला पोहोचायला सुमारे २२ सेकंद. एकटे असाल तर त्या संथपणाची सवय होते, आवडायलाही लागतो. वाहत्या महामार्गावर बाजूच्या रस्त्याने शिरताना, मागे मूल असताना, तो आवडत नाही.

इथे माझं मत स्पष्ट आहे. मुलीला रोज सोडणं-आणणं या गाडीतून करू नका. कधीतरी हळू रस्त्याने फेरी मारून आणा, तिलाही पिवळ्या दिव्याची शांतता कळू दे. रोजचं मात्र हॅचबॅकमधून.

पर्यावरणाबद्दल तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय, म्हणून मीही तसंच उत्तर देते. नवी गाडी घडवताना पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, प्लास्टिक यांसाठी खूप ऊर्जा जाते, हे बरोबर. पण तुम्ही नवी गाडी घेणं टाळत नाही आहात. तुमच्याकडे चालती हॅचबॅक आहेच, ती विकली तर दुसरा कुणी चालवेल. शिवाय तुमच्या गाडीच्या धुराड्याला ना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ना काजळी अडवणारा फिल्टर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला निश्चित कर्करोगकारक गटात घातलं. पाळणाघराच्या दारात गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं, तर तो धूर नेमक्या लहान मुलांच्या उंचीवर सुटतो. हे मला फार उशिरा लक्षात आलं. त्यानंतर मी गाडी कुठेही उभी केली की आधी इंजिन बंद करू लागले.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की ही गाडी खाद्यतेलावरही चालते. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, ते खरं आहे. पण कच्चं खाद्यतेल डिझेलपेक्षा फार दाट असतं. ते गरम करायची सोय नसेल तर नोझलवर कोळसा धरतो, रिंगा चिकटतात आणि इंजिन ऑइल घट्ट होत जातं. ज्या गाडीवर एवढा जीव आहे तिच्यावर हा प्रयोग नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. जुन्या गाड्यांचा स्वस्त विमा बहुतेकदा ऑफिसला जाण्यायेण्याच्या वापराला लागू नसतो, तेव्हा पॉलिसीतलं ते कलम शब्द न् शब्द वाचा. अनेक शहरांनी जुन्या डिझेलला काही भागांत बंदी घातली आहे. काही ठिकाणी ऐतिहासिक म्हणून नोंद असलेल्या गाड्यांना सूट मिळते, पण त्या सुटीच्या अटी वेगवेगळ्या असतात. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिच्या व्याख्येत तर ऐतिहासिक वाहन म्हणजे किमान ३० वर्षांचं, मूळ रूपात जपलेलं आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरलं जाणारं. तुमच्या पत्नीचं म्हणणं आणि ही व्याख्या एकच आहेत, हे मला वाचताना जाणवलं.

तरीही 'फक्त रविवार' हा तोडगा मला पूर्ण पटत नाही. महिन्यातून दोनदा दहा मिनिटं चालवलेली डिझेल आजारी पडते. इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमधलं पाणी उडत नाही, सायलेन्सर आतून सडतो. अशा गाडीला आठवड्यातून दोन-तीन वेळा अर्धा-पाऊण तास नीट तापवून चालवणं मानवतं, आणि तुमची २२ किलोमीटरची एक फेरी त्यासाठी अगदी योग्य आहे. म्हणून मधला मार्ग असा सुचवते. गाडी जागी झाल्यावर एक वर्ष ती आठवड्यातले दोन दिवस ऑफिसला न्या, मुलीला सोडायची पाळी नसेल ते दिवस. जागेचा प्रश्न राहतो. ऑफिसपाशी किंवा काकांच्या शेडमध्येच सोय होते का बघा. डिकीत डिझेल फिल्टर, पंख्याचे पट्टे, नळीचा एक तुकडा, क्लिपा आणि हात पुसायचं फडकं ठेवा. वहीत दर खेपेला किलोमीटर, डिझेल, ऑइल किती घातलं आणि काय खटकलं ते लिहा. मेकॅनिक आधी शोधा. पंप आणि नोझलचं काम करणारा माणूस तुमच्या भागात नसेल, तर रोजच्या वापराचा विचार तिथेच थांबवावा लागेल. फिल्टर बदलल्यावर पंपातली एअर काढायला त्याच्याकडून शिकून घ्या, स्वतःच्या हाताने दोनदा करा.

धूर बघायचीही सवय लावा. गार इंजिनाचा पांढरा धूर मिनिटभरात गेला तर ठीक. राहिला आणि इंजिन थरथरलं तर हीटर प्लग तपासा. तुमच्या सालच्या गाडीत एखादा प्लग गेला तरी ती सुरू होते, म्हणून कळत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. जोर लावताना काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, आधी एअर फिल्टर उघडा. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बंद होतो, तेव्हा हिवाळ्याचं डिझेल मोसम लागण्याआधीच टाकीत असू दे.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकून घ्या. तुमची गाडी चावीने बंद होते तीही व्हॅक्यूमने. सेंट्रल लॉकिंग असेल तर दारांची कुलुपंही त्याच व्हॅक्यूमवर चालतात. एखाद्या दारात गळती झाली की चावी काढून खिशात टाकली तरी इंजिन चालूच राहतं. लोक घाबरतात. बॉनेटखाली इंजिनावर 'स्टॉप' लिहिलेली एक लहान दांडी आहे, ती दाबून धरली की इंजिन थांबतं. ती कुठे आहे ते पत्नीलाही दाखवा, म्हणजे तुम्ही नसताना कुणी अडकायचं नाही.

आता कॉम्प्रेशनचे आकडे. चांगल्या स्थितीतल्या तुमच्या इंजिनात ते २२ ते २४ बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास यावेत. १५ च्या खाली गेलं तर इंजिन उघडावं लागेल. चारही सिलिंडरमधला फरक ३ बारच्या आत हवा. एकच सिलिंडर मागे असेल तर घाबरू नका, आधी टॅपेट सेट करून पुन्हा मोजा, पुष्कळदा दोष तेवढाच निघतो. चारही सारखेच खाली असतील तर पुढचा निर्णय वेगळा होईल. ते चार आकडे आणि टाकीत काय सापडलं ते मला कळवा, पुढचं त्यावरून बोलू. हॅचबॅकची जाहिरात दिली असेल तर ती आजच काढून घ्या.